मामाचा मतदारसंघ

संगणकावर देशाचा नवा नकाशा उघडला तेव्हा तिचं बोट सवयीने नदीच्या त्या वळणाशी गेलं आणि तिथेच थांबलं. वळण जागेवर होतं. वळणाच्या कुशीतला मतदारसंघ मात्र नव्हता. शेजारच्या मोठ्या मतदारसंघाचा रंग नदी ओलांडून इकडे पसरला होता, टेबलावर सांडलेला चहा कागदाखाली शिरावा तसा, आणि मधली ती वाकडीतिकडी रेघ, जी ती डोळे मिटूनही काढू शकली असती, कुणीतरी अलगद पुसून टाकली होती. वर्तमानपत्राच्या नकाशा विभागात तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. दर निवडणुकीला ती सगळ्या मतदारसंघांत रंग भरायची आणि ही एक जागा, कुणाला न सांगता, सगळ्यात शेवटी भरायची. लहान मूल ताटातला आवडीचा घास मागे ठेवतं तशी. मतदारसंघ रद्द होणार हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. निर्णय होऊन काही वर्षं झाली होती, तो या निवडणुकीपासून लागू व्हायचा होता, आणि त्याची बातमी तिच्याच वर्तमानपत्रात आतल्या पानावर आली होती. तरी बोट थांबलं ते थांबलंच. 

"जुन्या सीमा काढल्यास ना?" विभागप्रमुख बाई मागून जाता जाता म्हणाल्या.

"काढल्या. इथे एक होता, तो नाही आता."

"बरं झालं, तेवढाच एक रंग वाचला," असं म्हणून त्या वाजणाऱ्या फोनकडे वळल्याही.

त्यांचा काही दोष नव्हता. पडद्यावर ती जागा होतीच केवढी, तर नखाएवढी. पण त्या नखाएवढ्या जागेत मामा मोटारसायकलवरून सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरायचा आणि तरी ती संपायची नाही. मामा गुरांचा डॉक्टर. वडील गेल्यावर आई तिला घेऊन आपल्या धाकट्या भावाकडे राहायला आली, तेव्हा ती इतकी लहान होती की मामाच्या घराआधीचं कुठलंच घर तिला आठवत नव्हतं. पुढच्या खोलीत दवाखाना, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या दाराला फिनेलचा कायमचा वास. त्या दारावर मामाने मतदारसंघाचा नकाशा डकवला होता. "बघ, बसलेलं वासरू दिसतं की नाही? ही मान, हे दुमडलेले पाय," तो म्हणायचा. तिला दिसायचं. आईला कधीच दिसलं नाही. आई म्हणायची, तुला ढगातसुद्धा गाभण गाय दिसेल.

त्या वासराचा मालक ठरलेला होता. निम्म्या जमिनी ज्यांच्या, ते थोरले साहेब. निवडणूक जाहीर व्हायची, साहेबांचा अर्ज जायचा, आणखी एखाद्याचा गेलाच तर तो मुदतीच्या आत आपणहून मागे घेतला जायचा, आणि मतदानाच्या आधीच साहेब बिनविरोध निवडून यायचे. देशभर लोक मत द्यायचे आणि त्या दिवशी इथल्या लोकांना नुसती सुट्टी मिळायची. माणसं जन्मली, लग्नं झाली, नातवंडं झाली, पण हातात मतपत्रिका म्हणून काही आली नाही. याचं कुणाला वाईट वाटायचं असंही नव्हतं. साहेब मारकुटे नव्हते, उर्मटही नव्हते. ते फक्त होते, टेकडी असते तसे. टेकडीला कोण प्रश्न विचारतो? मामानेही विचारला नव्हता. एकदा एका म्हातारीची गाय अडली, म्हणून तो खांद्यापर्यंत हात आत घालून, दात आवळून, गुडघ्यावर बसला होता. म्हातारी दिवा धरून शेजारी उभी. कुठून कोण जाणे, तिच्या मनात आलं आणि तिने विचारलं, "डॉक्टर, ते मत म्हणतात ते कसं असतं हो? जाड असतं की पातळ?"

मामा सांगायचा, त्या क्षणी वासराचा पाय हाताला लागला होता, तो सुटला. त्याला हसू आलं नाही. त्याने पुन्हा पाय धरला, वासरू ओढून काढलं, हात धुतले, आणि हात धुता धुताच ठरवून टाकलं. घरी येऊन आईला म्हणाला, "ताई, मी उभा राहतोय."

"कुठे?"

"निवडणुकीला."

आईने कणीक मळायची थांबवली नाही. "डोकं ठिकाणावर आहे ना? निवडून येशील?"

"छे! सपाटून पडेन. पण दोन अर्ज राहिले तर मतदान घ्यावंच लागेल की नाही?"

एवढाच त्याचा जाहीरनामा होता. पडद्यावरच्या फिकट रंगाकडे बघताना तिला वाटलं, आपण इतकी वर्षं जिंकलेल्यांचे रंग भरत आलो. पण पडायला उभ्या राहिलेल्या माणसाला कुठला रंग द्यायचा हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही. लोक त्याला शेणडॉक्टर म्हणायला लागले. त्याला ते नाव आवडलं. त्याने स्वतःच भिंतीवर रंगवून घेतलं. त्याचा एकच हट्ट होता, जनावर तपासताना निवडणुकीचं बोलायचं नाही. कुणी विषय काढला तर तो तोंडावर बोट ठेवायचा. "हिच्यासमोर नको. आधीच ताप आहे तिला." प्रचार संपायच्या दिवशी, शेवटची सभा भरली असताना, साहेबांच्या वाड्यावरून निरोप आला की साहेबांचा घोडा पोटशूळाने लोळतोय. व्यासपीठावर मामा वाक्याच्या मधोमध होता. "माफ करा, रोगी आहे," असं म्हणून तो उतरला आणि गेला. आई संतापली. सभेतल्या लोकांनी मात्र जागा सोडली नाही; तो घोड्याला फिरवून, घाम गाळून, कपड्यांना लीद फासून परत आला तोवर ते तसेच बसून होते. तो वर चढला आणि म्हणाला, "तर मी काय म्हणत होतो?" त्याला आठवेना. कुणालाच आठवेना. सगळे इतके हसले की सभा तिथेच संपली.

मतदानाच्या दिवशी ती आईचा पदर धरून शाळेसमोरच्या रांगेत होती. बायका सणाचे कपडे घालून आल्या होत्या आणि एकमेकींना विचारत होत्या, आत जायचं म्हणजे चपला काढायच्या का. ती म्हातारी कागद हातात घेऊन बाहेर आली, घडी घालून कनवटीला लावायला निघाली, तर अधिकारी मागे धावला, "आजी, पेटीत, पेटीत टाकायचा!" म्हातारी म्हणाली, "आता कुठे मिळाला, तर लगेच परत घेता?" मामा सपाटून पडला. त्याने म्हटलं होतं त्याहून जोरात पडला. निकाल ऐकून घरी आला तो गुणगुणतच. आईने रागाने विचारलं, एवढा आनंद कसला? तो म्हणाला, "ताई, साहेब प्रचारात लोहाराच्या पायरीवर बसून चहा प्यायले. मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांना कपबशी धरता येत नव्हती नीट, पण प्यायले. आणि लोहार त्यांना काय म्हणाला माहिताय? विचार करून सांगतो!"

त्याचं मोठेपण तिला तेव्हा कळलं होतं का? नसावं. तिला कळायचा तो त्याचा वास, ओला कोट, खिशातल्या गोळ्या, आणि निवडणूक आली की आईच्या चुलीपुढे वाढत जाणारी पानं. दुसऱ्या खेपेला तो पुन्हा पडला, पण थोडक्यात. त्या धसक्याने साहेबांनी नदीवर पूल बांधून घेतला आणि मामाने पुलाच्या उद्‌घाटनाला जाऊन सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या. मग थोरले साहेब वारले, त्यांचा मुलगा, धाकटे साहेब, उभे राहिले, आणि शेणडॉक्टर निवडून आला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं तेव्हा तो वरून ओरडत होता, "खाली ठेवा, मला उंचीची भीती वाटते!" आई दारात उभी राहून रडत होती. हाताला कणीक, त्यामुळे डोळे कोपराने पुसत होती. त्याने लग्न केलं नव्हतं. ज्या घरातून तो निवडून आला ते घर आईने चालवलं होतं, आलेल्यागेलेल्याला तिने वाढलं होतं, धमक्या द्यायला आलेल्या माणसांना तिने हातात लाटणं घेऊन फाटकापर्यंत पोचवलं होतं. मामा संसदेत गेला, पण जिंकलं होतं आईने. हे मामाही सगळ्यांना सांगायचा.

खिडकीबाहेर शहराचा आवाज एकसारखा वाहत होता. नोकरी लागल्यावर ती याच शहराच्या जुन्या, दाटीच्या भागात खोली घेऊन राहिली. एका निवडणुकीच्या वेळी मामा तिच्याकडे आला होता. तिच्याबरोबर मतदान केंद्रापर्यंत चालत गेला. रांग गल्लीतून निघून, वळसा घालून, दुसऱ्या गल्लीत शिरून पुन्हा पहिलीत आली होती. उन्हात एक गरोदर बाई भिंतीला टेकून बसली होती. कामावरून सुटून आलेली माणसं घड्याळ बघत होती, चुकचुकत होती आणि परत जात होती. मामा रांगेच्या कडेकडेने शेवटापर्यंत जाऊन आला, रोगी जनावराभोवती फिरतो तसा.

"इथला प्रतिनिधी कोण गं?"

"नाव माहीत आहे. पाहिला कधी नाही."

"कधीच?"

"मामा, इतक्या लोकांत तो कुणाकुणाला दिसणार?"

रात्री जेवताना त्याने दोनदा मीठ मागितलं आणि दोन्ही वेळा घातलं नाही. गावाकडे तोवर माणसं विरळ होत चालली होती. गिरणी बंद पडली होती, शाळेचे वर्ग एकत्र केले होते, घरांना कुलपं लागत होती आणि कुलपांचे मालक याच गल्ल्यांत, याच रांगांत येऊन उभे राहत होते. मामाला निवडून द्यायला मूठभर माणसं पुरत होती आणि इथे ढीगभर माणसांच्या वाट्याला एक न दिसणारा माणूस होता. हे कुणालाही कळण्यासारखं होतं. कळून गप्प बसणंही कुणालाही जमण्यासारखं होतं. इथे तिचा विचार नेहमी अडायचा. आपण बसलो असतो गप्प, तिला वाटायचं, आणि रात्री नीट झोपही लागली असती.

मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखणाऱ्या आयोगाची सुनावणी तालुक्याच्या सभागृहात झाली. ती मुद्दाम रजा काढून गेली होती. पहिल्या रांगेत आई, नवी साडी नेसून, कारण आज मामा आपल्या जागेसाठी बोलणार होता. धाकटे साहेबसुद्धा या एका बाबतीत मामाच्या बाजूने होते आणि शेजारी येऊन बसले होते. लोकांनी हातात फलक धरले होते. मामा उठला. त्याने कोटाचं बटण लावलं, पुन्हा काढलं.

"माझ्या भाचीच्या गल्लीत एक प्रतिनिधी जेवढ्या माणसांना मिळतो," तो म्हणाला, "तेवढ्या माणसांत आमच्याकडे चार प्रतिनिधी बसतील. गुरंढोरं धरली तर आमचा आकडा जुळेलही. पण गुरांना मत नसतं. मी त्यांचा डॉक्टर आहे, मला माहीत आहे."

कुणीतरी हसलं. मग हसणं तुटलं.

आयोगाचे अध्यक्ष, एक निवृत्त न्यायाधीश, पुढे वाकले. "तुम्ही स्वतःचीच जागा रद्द करा म्हणताय. हे समजूनच बोलताय ना?"

"जागा माझी नाही साहेब. मला तिथे बसवलं होतं. एकच मागणं आहे. जागा न्या, पण एकाही वस्तीतली मतपेटी उचलू नका. केंद्रं आहेत तिथेच राहू देत, मतदार चार असले तरी. माझ्या लोकांना मत मिळून अजून फार दिवस झालेले नाहीत."

मग जो आरडाओरडा झाला त्यातला एक शब्दही तिला आता आठवत नव्हता. आठवत होती ती आईची पाठ. ताठ, न हलणारी, आणि खांद्यावर नव्या साडीची न मोडलेली घडी. घरी पोचल्यावर मधल्या दारात उभी राहून आई म्हणाली, "माझा जन्म चुलीपुढे गेला तुझ्या निवडणुकांत. आणि तू उठून देऊन आलास?"

"ताई, ते बरोबर होतं."

"बरोबर होतं हे मलाही कळतं. मी काय मूर्ख आहे? पण मला विचारलंस? एकदा तरी, ताई, असं असं करू का म्हणून?"

त्या दिवसापासून आई त्याच्याशी बोलली नाही. समोरच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन वेगळी राहिली. त्याचं जेवण मात्र तिने बंद केलं नाही. डबा त्याच्या पायरीवर ठेवायची, कडी वाजवायची आणि निघून यायची. लोकांनी त्याच्या दवाखान्याच्या भिंतीवर काय काय लिहिलं. त्याने ते पुसलं नाही, आणि लिहिणाऱ्यांच्या म्हशी तपासायला जाणंही सोडलं नाही. आयोगाने त्याचं म्हणणं मान्य केलं, पेट्यांसकट. मग एकेक वर्ष गेलं, आणि त्याच्या डोळ्यांतला उजेडही थोडा थोडा करून गेला.

तिने नकाशा पूर्ण केला, पाठवला, आणि उठून विभागप्रमुख बाईंकडे रजा मागितली. शहराचं मतदान पुढच्या टप्प्यात होतं. "आता? निवडणुकीच्या तोंडावर?" बाई म्हणाल्या. "घरी मतदान आहे," ती म्हणाली, आणि यापेक्षा जास्त सांगायला काही सुचलं नाही.

मतदानाच्या सकाळी ती मामाला हाताला धरून केंद्रावर घेऊन गेली. वस्तीत उरली होती ती बहुतेक म्हातारी माणसं. रांग अशी नव्हतीच, बाकावर सगळी मावली होती. आई मत देऊन बाहेर येत होती. तिने मामाला पाहिलं आणि नजर भिंतीकडे वळवली. तरी ती गेली नाही, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशी उगाच थांबली.

"आजोबांना दिसत नाही," केंद्राधिकारी म्हणाले. "खूण कोण करणार? तुम्ही?"

"मी भाची."

"या केंद्रावर मतदार आहात?"

"नाही. शहरात आहे."

"मग नाही चालणार. सोबती इथलाच मतदार हवा. मी करू मदत?"

"तुम्ही नको साहेब," मामा अदबीने म्हणाला. "तुमच्यावर अविश्वास नाही. पण सरकारच्या माणसाला मत सांगायचं म्हणजे..." तो थांबला. त्याची मान या आवाजाकडून त्या आवाजाकडे वळत होती. तिने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. साहेबांसमोर, सभेसमोर, आयोगासमोर तो कधी गोंधळला नव्हता. आज मतपेटीपासून हातभर अंतरावर, कुणाचा तरी हात शोधत, उभा होता. त्याला तसाच परत न्यायचा की काय, असं तिला वाटून गेलं.

"मी आहे," पिंपाकडून आवाज आला.

केंद्राधिकाऱ्यांनी वर पाहिलं. "आपलं नातं?"

"सख्खी बहीण. मोठी."

"ताई?" मामा म्हणाला. एवढंच म्हणाला.

केंद्राधिकाऱ्यांनी शपथ वाचली, मत कुणालाही सांगणार नाही म्हणून, आणि आईने ती शब्द न शब्द मागोमाग म्हटली, शाळेतल्या मुलीसारखी, जरा मोठ्यानेच. मग तिने मामाचं कोपर धरलं आणि दोघं पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. बाहेरून त्यांचे फक्त पाय दिसत होते. मामाचे जुने बूट, आईच्या झिजलेल्या चपला. कुजबुज झाली. मग आईचा आवाज, दबलेला पण सगळ्या खोलीला ऐकू येईल असा:

"काय? याला?"

"ताई, हळू."

"अरे, पण याला?"

"आजी, आत बोलायचं नाही!" केंद्राधिकारी म्हणाले. बाकावरची सगळी म्हातारी माणसं जागेवर सावरून बसली होती आणि कुणीही पापणी हलवत नव्हतं. आडोशामागे चपला एकदा मागे सरल्या, एकदा पुढे आल्या. मग कागद घडी केल्याचा आवाज आला. दोघं बाहेर आली, आईने त्याचा हात धरून पेटीच्या फटीवर ठेवला, आणि कागद त्याच्याच बोटांनी आत पडला.

बाहेर उन्हात आल्यावर ती न राहवून म्हणाली, "आई, कुणाला गं?"

"शपथ घेतलीय मी," आई म्हणाली. "तुझ्यासमोरच घेतली ना?"

मामाने चाचपडत विचारलं, "ताई, खूण केलीस ना? मी सांगितली तिथेच?"

"केली. वाटलं, हा हात गळून पडला तर बरं. पण केली." मग तिने त्याचं कोपर आणखी घट्ट धरलं आणि वळणावरच्या खड्ड्यातून त्याला बाजूने काढत बोलायला सुरुवात केली. "याला मत? याला? अक्कल गहाण टाकलीस का? आणि त्या दिवशी आयोगासमोर, कोटाचं बटण तरी धड लावायचंस, निम्मं गाव बघत होतं..." आई बोलत राहिली. आयोग, निवडणुका, घोडा, पोळ्या, मागची सगळी न बोललेली वर्षं एका दमात बाहेर येत होती. मामा मान खाली घालून, एकही शब्द सांडू नये अशा बेताने कान तिच्याकडे करून, हूं हूं करत चालला होता. भाची थोडी मागे राहिली आणि तिने दोघांना पुढे जाऊ दिलं.